एक फसलेला सिनेमा आणि सत्तेचाळीस रोनिन

जपानी नाटकवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. धंदा बसला, प्रेक्षक फिरकेनासे झाले, की 'चूशिंगुरा' लावायचं. आजाऱ्याला उठवून बसवणाऱ्या काढ्यासारखं हुकमी औषध, अशीच या नाटकाची ख्याती. १७४८ साली ओसाकात ते पहिल्यांदा बाहुल्यांच्या रंगमंचावर आलं, लगेच काबुकीवाल्यांनी उचललं, आणि पुढे सिनेमा आणि टीव्हीवर त्याच्या किती आवृत्त्या निघाल्या याची मोजदाद करणं कठीण आहे.

अशा खात्रीच्या गोष्टीवर हॉलिवूडने २०१३ साली सुमारे साडेसतरा कोटी डॉलर ओतून '४७ रोनिन' नावाचा सिनेमा काढला आणि तो सपशेल आपटला. अमेरिकेत आपटलाच, पण जपानमध्ये, म्हणजे जिथे ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते तिथेही, तो कुणी पाहिला नाही. औषधानेच रोगी दगावल्यातला प्रकार!

मी तो थिएटरात जाऊन पाहिला. त्या वर्षी नाताळात मी अमेरिकेत बहिणीकडे होतो आणि भाच्याला (वय वर्षं तेरा) सामुराई, तलवारी वगैरेंचं वेड लागलेलं होतं. मामाला इतिहासाची खाज आणि भाच्याला तलवारींची, तेव्हा दोघांचंही समाधान होईल असा हिशोब. पोस्टरवर कियानू रीव्ह्ज होता, आणि चेहऱ्यासकट अंगभर सांगाडा गोंदवून घेतलेला एक माणूसही होता. हा गोंदणवाला प्रत्यक्ष सिनेमात काही सेकंद दिसतो आणि गायब होतो. तिथेच काय ते समजायला हवं होतं. सहा डोळ्यांचं जनावर आलं, कोल्हीण होणारी चेटकीण आली, त्याच चेटकिणीचा शेवटी ड्रॅगनही झाला. थ्रीडीचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि भाचा माझ्या बाजूच्या खुर्चीत चुळबुळत होता. बाहेर पडल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "मामा, यातलं खरं काय होतं?"

घरी पोचेपर्यंत गाडीत त्याला जमेल तेवढं सांगितलं. हे लिखाण म्हणजे तेच, जरा नीट, वर्षं-बिर्षं घालून.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चेटकिणीबद्दल किंवा ड्रॅगनबद्दल माझी तक्रार नाही. जपानी रंगभूमीला भुताखेतांचं, मायावी कोल्ह्यांचं वावडं कधीच नव्हतं. ज्या तीन लेखकांनी (ताकेदा इझुमो, मियोशी शोराकू आणि नामिकी सेनऱ्यू) 'चूशिंगुरा' लिहिलं, त्याच तिघांनी आदल्याच वर्षी, १७४७ मध्ये, 'योशित्सुने सेनबोनझाकुरा' हे नाटक लिहिलं होतं. त्यात माणसाचं रूप घेतलेला एक कोल्हा आहे आणि तो त्या नाटकातलं एक गाजलेलं पात्र आहे. म्हणजे कोल्हा त्यांच्या हाताशी तयार होता. तरीही 'चूशिंगुरा'त त्यांनी तो घातला नाही. का घातला नसेल, ते मूळ घटना पाहिली की कळतं.

तर मूळ घटना.

१७०१ सालचा एप्रिल महिना. एडो, म्हणजे आजचं टोकियो. शोगुन तोकुगावा त्सुनायोशीच्या किल्ल्यात क्योतोहून सम्राटाचे दूत आलेले. (हा शोगुन 'कुत्र्यांचा शोगुन' म्हणून ओळखला जातो. कुत्र्यांना आणि इतर प्राण्यांना इजा करणाऱ्यांना त्याने जबर शिक्षा ठेवल्या होत्या.) दूतांच्या सरबराईचं काम ज्या सरदारांवर सोपवलं होतं त्यांपैकी एक आसानो नागानोरी, आको या छोट्या संस्थानाचा धनी. वय पस्तिशीच्या आतबाहेर, उत्पन्न सुमारे पन्नास हजार कोकू. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. दरबारी रीतिरिवाज शिकवायला होता किरा योशिनाका. साठीचा म्हातारा, उत्पन्नाने आसानोपेक्षा कितीतरी लहान, पण शिष्टाचाराच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

समारंभाच्या शेवटच्या दिवशी, किल्ल्यातल्या पाइन वृक्षांची चित्रं असलेल्या एका लांब ओवरीत, आसानोने एकदम आखूड तलवार उपसली आणि किरावर वार केले. एक कपाळावर, एक पाठीवर. काजिकावा नावाच्या अधिकाऱ्याने त्याला मागून कवळा घालून धरलं. किरा वाचला. शोगुनच्या वाड्यात, तेही सम्राटाच्या दूतांसमोरच्या समारंभाच्या दिवशी, शस्त्र उपसणं हा भयंकर गुन्हा. आसानोला त्याच दिवशी सेप्पुकुची (आपण ज्याला हाराकिरी म्हणतो) शिक्षा झाली आणि त्याच संध्याकाळी ती अंमलातही आली. चौकशी जवळजवळ नाहीच. संस्थान खालसा. किराला शिक्षा शून्य, कारण त्याने तलवारीला हात लावला नव्हता.

आता खरी गंमत इथे आहे. आसानोने हल्ला का केला?

कुणालाच माहीत नाही. आज नाही, तेव्हाही नव्हतं. काजिकावाने लिहून ठेवलेल्या टिपणात, आसानो जुन्या रागाबद्दल काहीतरी ओरडला एवढंच आहे. राग कसला, ते त्याने सांगितलं नाही. किराने लाच मागितली आणि आसानोने दिली नाही म्हणून किराने त्याचा पाणउतारा केला, ही आपल्याला ठाऊक असलेली कथा नंतरची, नाटकांनी आणि लोकांनी रुजवलेली. मिठाच्या धंद्यातली चढाओढ, आसानोचा तापट स्वभाव, असे इतरही तर्क झाले. पण ज्याच्यामुळे एक संस्थान बुडालं, तीनशेहून जास्त सामुराई एका दिवसात रोनिन, म्हणजे बिनधन्याचे झाले, आणि पुढे इतकी माणसं मेली, त्या माणसाने कारण सांगायच्या आतच त्याचा निकाल लागला होता.

म्हणजे ज्यांनी सूड घेतला, ते कशाचा सूड घेत होते हे त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं. धनी रागावला होता, धनी मेला, आणि ज्याच्यावर रागावला तो जिवंत आहे. बस, एवढंच हातात.

सिनेमाने इथे काय केलं? चेटकिणीला आणलं! ती रात्री आसानोवर जादू करते, त्याला भ्रम होतो, आणि त्या भरात तो किरावर धावून जातो. संपला प्रश्न. आसानो निर्दोष, किरा सैतान, आणि सत्तेचाळीस जणांना विचार करायचं काही कारणच उरत नाही. जिथे इतिहासाने जागा कोरी सोडली होती तिथे सिनेमाने माफीनामा लिहून ठेवला.

पुढचा घोळ याहून मोठा आहे.

आकोच्या कारभाऱ्याचं नाव ओइशी कुरानोसुके. धन्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा किल्ल्यात दोन तट पडले. काही म्हणाले, किल्ला लढवू आणि इथेच मरू. ओइशीने किल्ला शांतपणे सरकारच्या ताब्यात दिला. त्यानंतर हल्ल्यापर्यंत गेले सुमारे एकवीस महिने. या काळात तो सूडाचा कट रचत होता असं आपण गृहीत धरतो, पण यातला बराच काळ त्याची धडपड वेगळीच होती. आसानोला मूलबाळ नव्हतं. (सिनेमातली राजकन्या मिका, अर्थातच, नव्हतीच.) त्याचा धाकटा भाऊ दाइगाकू याच्या नावे घराणं पुन्हा उभं राहावं म्हणून ओइशी अर्ज-विनंत्या करत होता. ते झालं असतं तर कदाचित हल्ला झालाच नसता. कारण हल्ला केला तर घराण्याची उरलीसुरली आशाही संपणार.

दुसरीकडे होरिबे यासुबेइसारखे तरणेबांड लोक एडोमधून पत्रांवर पत्रं पाठवत होते, की आणखी किती थांबायचं? म्हातारा किरा अंथरुणात मेला तर? ओइशी त्यांना थोपवून धरत होता. माणसं गळत होती. कुणाला बायकापोरं, कुणाला म्हातारे आईबाप, कुणाला दुसरीकडे नोकरी. १७०२ च्या उन्हाळ्यात सरकारने दाइगाकूला हिरोशिमाच्या थोरल्या पातीकडे पाठवून दिलं आणि घराण्याची आशा संपली. तेव्हा कुठे हल्ल्याचं नक्की झालं. तीनशेमधले शेवटी उरले सत्तेचाळीस.

या काळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ओइशीने ठेवलेला जमाखर्च. हो, जमाखर्च! संस्थान मोडताना हाती राहिलेल्या सुमारे ६९० ऱ्यो रकमेचा हिशोब त्याने लिहून ठेवला आणि हल्ल्याच्या थोडं आधी आसानोच्या विधवेकडे पोचता केला. ती वही आजही टिकून आहे. त्यात धन्याच्या श्राद्धाचा खर्च आहे, घराण्यासाठी केलेल्या खटपटीचा आहे, क्योतो-एडो प्रवासाचा मोठा खर्च आहे, भाडं भरायला आणि खायला पैसे नसलेल्या सोबत्यांना दिलेली मदत आहे. पैसे संपत चालले होते, शेवटी थोडी तूटच आली. पोवाड्यात न बसणारी ही माहिती आहे, पण मला त्यातच तो माणूस दिसतो. मरायला निघालेला माणूस पै-पैचा हिशोब मालकिणीला देऊन निघतो.

दंतकथा म्हणते की ओइशी या काळात किराच्या हेरांना चकवण्यासाठी क्योतोत दारू आणि नाचगाण्यात बुडाल्याचं सोंग करत होता. नाटकातला सातवा अंक हाच, आणि तो नाटकाचा प्राण आहे. प्रेक्षकाला कळत नाही की हा खरंच बुडालाय की सोंग करतोय, आणि कधीकधी वाटतं की त्यालाही कळत नसावं.

आता सिनेमा पाहा. त्यात किरा ओइशीला एका खड्ड्यात टाकतो आणि वर्षभराने बाहेर काढतो. संपलं! ज्या काळात या माणसाने खरोखर काय करायचं ते ठरवलं, तो काळ सिनेमाने त्याला खड्ड्यात बसवून ठेवलं. ओइशीचं काम करणारा हिरोयुकी सानादा कसलेला नट आहे, त्या चेहऱ्यावर सातवा अंक सहज पेलला असता. पण त्याला खड्ड्यातून काढून थेट कियानू रीव्ह्जच्या शोधात डच लोकांच्या बेटावर धाडलं.

जाता जाता, कियानूबद्दल. तो यात अर्धा इंग्रज, अर्धा जपानी आहे. इंग्रजांनी जपानमधली वखार १६२३ मध्येच बंद केली होती, आणि १६३९ मध्ये तर परदेशी बापांच्या मिश्र मुलांना जहाजात घालून जाव्हातल्या बटाव्हियाला हाकलून दिलं होतं. १७०१ मध्ये असा तरणा गडी आकोच्या रानात सापडणं म्हणजे ड्रॅगन सापडण्याइतकंच संभवनीय. पण तेही चालवून घेतलं असतं. त्याला 'आपल्यातला नाही' म्हणून सतत हिणवलं जातं, हा धागा चांगला होता. दिग्दर्शकाला त्याचं पुढे काय करायचं हेच सुचलं नाही.

हल्ल्याची रात्र १७०३ च्या जानेवारीच्या अखेरची. जपानी पंचांगाने बाराव्या महिन्याची चौदावी. पुढच्या दारावर ओइशी, मागच्या दारावर त्याचा मुलगा चिकारा, वय पंधरा-सोळा. सगळ्यात म्हातारा होरिबे याहेइ, सत्तरी ओलांडलेला. किराची माणसं झोपेतून उठत होती तशी मारली गेली. पंधरा-वीस मेली, रोनिनांपैकी एकही नाही. किरा कोळशाच्या कोठारात लपलेला सापडला. त्याचं डोकं कापून, सकाळच्या उजेडात शहरातून चालत ते सेन्गाकुजी देवळात गेले, तिथल्या विहिरीवर डोकं धुतलं आणि धन्याच्या थडग्यासमोर ठेवलं. दोघांना आधीच सरकारी अधिकाऱ्याकडे पाठवलं होतं, आम्ही हे केलंय असं सांगायला.

सिनेमात इथे कथा संपायच्या बेतात असते. इतिहासात ती इथे पेटते, कारण आता सरकारला ठरवायचं होतं की हे लोक कोण आहेत. वीर की खुनी?

जवळजवळ सात आठवडे लागले. चार सरदारांच्या वाड्यांत त्यांना वाटून ठेवलं होतं. ओइशी एका वाड्यात, चिकारा दुसऱ्या. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही. पंडितांमध्ये वाद पेटला. हायाशी होको हा सरकारी कन्फ्यूशियन विद्वान त्यांच्या निष्ठेने भारावलेला. ओग्यू सोराइच्या नावावर असलेलं मत असं, की त्यांच्यापुरतं त्यांनी योग्य केलं, पण खाजगी न्यायापुढे कायदा वाकवला तर राज्य चालणार नाही. सातो नाओकाता नावाच्या पंडिताने तर पुढे मुळावरच घाव घातला. तो म्हणतो, किरा यांचा शत्रू कसा? आसानोला मारलं शोगुनच्या कायद्याने. किरा तर बिचारा वार खाणारा होता!

आणि 'हागाकुरे' हे सामुराई बाण्याचं प्रसिद्ध पुस्तक ज्याच्या सांगण्यावरून उतरलं, तो यामामोतो त्सुनेतोमो नेमकी उलटी टीका करतो. इतका वेळ थांबलेच कशाला? तेवढ्यात किरा आजाराने मेला असता तर? विचार न करता त्याच दिवशी धावून जायला हवं होतं, जिंकणं-हरणं गौण. म्हणजे एकाच्या मते करायलाच नको होतं, दुसऱ्याच्या मते करायला फार उशीर केला. जो सूड आपण सामुराई निष्ठेचा आदर्श म्हणून वाचतो, त्यावर त्या काळातल्या सामुराईंचंही एकमत नव्हतं.

निकाल मधला लागला. गुन्हेगारासारखा शिरच्छेद नाही, सामुराईसारखी सेप्पुकु. २० मार्च १७०३ रोजी ते मेले. किराच्या तरुण वारसाला, जो त्या रात्री लढून जखमी झाला होता, त्याला जहागीर काढून घेऊन दूर सुवाला नजरकैदेत पाठवलं. तीन वर्षांत तोही मेला. त्याचा काय दोष होता ते मला अजून कळलेलं नाही. किराच्या गावात, आजच्या आइची प्रांतात, किरा आजही चांगला जमीनदार म्हणून आठवला जातो, त्याने बांधून घेतलेल्या बांधाची गोष्ट सांगतात. आणि १७१० मध्ये, कुत्र्यांचा शोगुन मेल्यावर, दाइगाकूला ५०० कोकूंची छोटी जहागीर मिळाली. ओइशीने जे अर्ज करून मागितलं होतं ते, शंभरावा हिस्सा का होईना, शेवटी मिळालं. फक्त मागणारे सगळे मेल्यावर.

भाच्याने गाडीत विचारलं होतं, "मग ते चांगले होते का वाईट?" तेराव्या वर्षी हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण एडोतल्या सगळ्यात हुशार डोक्यांनाही तो पडला होता आणि त्यांना एकमताने सोडवता आला नाही, हे त्याला सांगितल्यावर तो गप्प झाला. त्या गप्प होण्यासाठीच ही गोष्ट पावणेतीनशे वर्षं लोक बघत असावेत. कोल्हा आणि चेटकीण आली की गप्प व्हायचं कारण उरत नाही. त्या तीन नाटककारांना हे पक्कं ठाऊक होतं असं मला वाटतं.

ज्यांना या विषयावरचा सिनेमा पाहायचाच आहे त्यांनी मिझोगुचीचा 'गेन्रोकु चूशिंगुरा' (दोन भाग, १९४१ आणि १९४२) शोधून पाहावा. जवळजवळ चार तास, संथ, आणि त्यात हल्लाच नाही! युद्धकाळात देशभक्ती चेतवायला काढलेला हा सिनेमा, आणि हल्ल्याची हकीकत पत्रातून वाचून दाखवली जाते. पेशन्स लागतो, पण माणसं विचार करताना दिसतात.

शेवटी एक राहिलं. सेप्पुकु केली शेहेचाळीस जणांनी. सत्तेचाळिसावा तेरासाका किचिएमोन, त्यांच्यातला सगळ्यात खालच्या दर्जाचा, साधा पायदळाचा शिपाई. हल्ल्यानंतर तो बाकीच्यांबरोबर नव्हता. ओइशीने निरोप घेऊन पाठवला की तो पळाला, यावर आजही वाद आहे. सरकारने त्याच्या मागे कुणाला लावलं नाही. तो ऐंशी ओलांडेपर्यंत जगला आणि १७४७ मध्ये मेला, ओसाकात पडदा वर जायच्या आदल्या वर्षी. जे खरं होतं ते त्याला ठाऊक असणार. सेन्गाकुजीत त्याच्याही नावाचा दगड आहे, आणि लोक त्याच्यापुढेही उदबत्ती लावतात.

असो. बरंच लांबलं. मिझोगुची कुणी पाहिला असेल तर जरूर सांगा.